जमिनीला पाणी पाजणारा महिपत

महिपत गुजरातेत तेलाच्या विहिरीवर आहे, हे पिंपळझरीत सगळ्यांना माहीत होतं. तिथं तो नेमकं काय करतो हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते कुणाला कळू नये याची काळजी महिपत स्वतः घेत होता.

पिंपळझरी हे आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याच्या बाजूचं कापसाचं गाव. नदी ओलांडली की महाराष्ट्र. गावातली माणसं मराठी बोलायची, कचेरीत गेली की तेलुगूत अडखळायची आणि व्यापाऱ्याशी हिंदीत भांडायची. महिपतला तिन्ही भाषांत बढाई मारता येत होती. पोरवयात तो बोअरच्या गाडीवर मदतनीस म्हणून लागला. ती गाडी जमिनीला भोकं पाडत पाडत कुठल्या कुठं गेली आणि एक दिवस मेहसाण्याकडं बंद पडली. गाडीचा मालक निघून गेला, महिपत राहिला. तिथल्या एका ठेकेदाराला भोकांची भीती नसलेली माणसं हवीच होती.

तेलाची विहीर म्हटलं की गावाला वाटायचं, बादली सोडली की डिझेल भरून वर येत असेल. महिपतनं हा गैरसमज दूर करायची घाई केली नाही. खरी गोष्ट अशी होती की त्या विहिरी म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांच्यातून तेल थोडं आणि पाणीच फार यायचं. पाणीही कसलं, खारट, काळपट, वर तवंग आलेलं आणि सडक्या अंड्यांचा वास मारणारं. ते शेतात गेलं तर शेत जळणार, नाल्यात सोडलं तर नाला मरणार. म्हणून ते पाणी धुवायचं आणि जिथून आलं त्याच खडकाच्या पोटात परत कोंबायचं. ते खाली जोरानं गेलं की उरलंसुरलं तेल दुसऱ्या विहिरीच्या दिशेनं सरकायचं. तेल काढणारी माणसं वेगळी होती, टोप्या घालून हिंडायची. महिपत पाणी धुणाऱ्यांत होता.

पहिल्या टाकीत पाणी निवळू द्यायचं आणि वरचं तेल काढून घ्यायचं. दुसऱ्या टाकीत औषध टाकून खालून बुडबुडे सोडायचे, की घाण फेसावर चढून वर यायची. तिसऱ्या ठिकाणी अक्रोडाच्या टरफलांच्या भरडीतून ते गाळायचं. मग त्यातले किडे मारायचं औषध, मग पाण्यात विरलेली हवा मारायचं औषध, आणि शेवटी एवढ्या मोठ्या पंपानं खाली दाबायचं की नळी फुटली तर माणूस शोधावा लागला असता. एका टाकीत जरी हयगय झाली, तरी खालच्या खडकाची बारीक छिद्रं बुजायची आणि विहीर पाणी प्यायला नकार द्यायची. मग शिफ्टचा साहेब, एक जाडजूड गुजराती गृहस्थ, महिपतच्या आईबापांची चौकशी करायचा.

"जमीन है ये, भैंस नहीं," तो ओरडायचा. "जो मिला वो नहीं पिएगी!"

महिपतला या कामात सगळ्यात जास्त कशाचं कौतुक वाटलं असेल तर अक्रोडाच्या टरफलांचं. दिवाळीला गावी आला की तो पारावर बसून सांगायचा, "आमच्या तिकडं पानी अक्रोडातून गाळतेत." पिंपळझरीत अक्रोड कुणी खाल्ला नव्हता. गावानं त्यावरून असा अर्थ काढला की तेल कंपनीचे साहेब अक्रोडाचं पाणी पितात आणि महिपत ते त्यांच्या शेजारी बसून पितो. महिपतनं हाही गैरसमज तसाच ठेवला.

त्याची किंमत त्याला वेगळ्या तऱ्हेनं मोजावी लागली. पेट्रोल महागलं की लोक त्याला धरायचे.

"काऊन बे महिपत, पुन्हा भाव वाढवले?"

"मी नाही वाढवले न बाप्पा."

"मंग कोनं वाढवले? इकडून तूच एकटा हाय न तिकडं."

एकच माणूस या सगळ्या थाटाला भुलत नव्हता. ती म्हणजे त्याची बायको देवका. कारण महिपतचे कपडे ती धूत होती. महिपत घरी आला की त्याच्या पिशवीतून आधी वास बाहेर यायचा आणि मागून बनियन. देवकानं ते बनियन रिठ्यात भिजवले, सोड्यात उकळले, चुलीच्या राखेनं घासले. वास हटला नाही. शेवटी ती ते गोठ्यामागच्या बाभळीच्या कुंपणावर वाळत घालायला लागली, तेव्हा म्हशीनं तिकडं पाठ फिरवली.

"साहेबाच्या शेजारी बसता म्हनता," देवका म्हणायची. "साहेबाले नाक नाही काय?"

सासुरवाडीही गावातच होती, भिंतीला भिंत लागून, हे महिपतचं दुसरं दुर्दैव. सासू बयनाबाई निजामाच्या काळात जन्मलेली. तिच्या डोळ्यांदेखत गावावरून निजाम गेला, हैदराबाद गेलं, आंध्र आलं आणि आता तेलंगण यायचं म्हणत होते. या सगळ्यात तिला फरक एवढाच दिसला होता की तलाठ्याची भाषा बदलत गेली. जावयाबद्दल तिचं मत पक्कं होतं, आणि ते ती जावयाच्या देखत सांगत नसे एवढाच काय तो मान ठेवायची. भिंतीपलीकडून मात्र सांगायची.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात नवं राज्य झालं. आदिलाबादेत फटाके फुटले, पिंपळझरीत बोर्ड बदलला. आणि ऑगस्टात दवंडी आली की सरकार साऱ्या राज्यातल्या घरांची एकाच दिवशी मोजणी करणार, सगळ्यांनी घरीच राहायचं. दवंडीवाल्यानं एवढंच सांगितलं. बाकीचं गावानं जोडलं. जो त्या दिवशी घरात सापडणार नाही त्याचं रेशन जाईल, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, जमीन जाईल. संध्याकाळपर्यंत बातमी अशी झाली होती की जो सापडणार नाही तो मेला असं धरणार.

देवकानं फोन केला. "या, नाही तं मी विधवा होते सरकारात."

महिपत साहेबाकडं रजा मागायला गेला.

"किसलिए?"

"साब, गिनती है. सरकार घर घर गिनती करने वाली है."

"तुम बकरी हो क्या, जो गिनेंगे?"

महिपतनं रजा घेतली नाही, नुसताच निघाला. गाडीला पाय ठेवायला जागा नव्हती, सगळं तेलंगण मोजून घ्यायला घरी निघालं होतं. आदिलाबादेपासून बेल्यापर्यंत तो जीपच्या टपावर बसून आला. मोजणीच्या दिवशी नवं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून तो उंबऱ्यात बसला. दुपारी एक तेलुगू मास्तर छत्री घेऊन आला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"क्या काम करते?"

आजूबाजूला शेजारी जमलेले. बयनाबाई भिंतीला कान लावून. महिपत म्हणाला, "तेल का कुआँ."

"तेल निकालते?"

महिपत जरा चुळबुळला. सरकारसमोर खोटं बोलावं की शेजाऱ्यांसमोर खरं, हे त्याला ठरवता येईना. "तेल के साथ पानी आता न साब, वो साफ करता."

"साफ करके क्या करते? पीते?"

"नहीं साब. वापस जमीन में डालते."

मास्तर त्याच्याकडं पाहतच राहिला. "जमीन में से निकाल के, साफ करके, वापस जमीन में?"

"हौ."

मास्तरनं सकाळपासून चाळीसेक घरं केली होती. त्यानं कपाळ पुसलं, 'शेती' असं लिहिलं आणि पुढच्या घराकडं गेला.

भिंतीपलीकडून बयनाबाईचा आवाज आला, "म्हंजे पोरगी पानी भरनाऱ्याले देल्ली आपुन."

महिपत मोजला गेला, पण मेहसाण्याला त्याच्या जागी दुसरा माणूस लागला. ठेकेदारानं फोनवर सांगितलं, येऊ नको. आपली नोकरी राज्यानं खाल्ली असं महिपत पुढं सगळीकडं सांगायचा. काही जणांना ते त्यागासारखं वाटलं, तोही गैरसमज त्यानं तसाच ठेवला.

वर्षभर त्यानं घरच्या कापसात लक्ष घातल्यासारखं केलं. मग केशवरावचा निरोप आला.

केशवरावची गावाबाहेर सरकीची तेलगिरणी होती. सरकीचं कच्चं तेल काळं निघतं, ते सोड्याच्या पाण्यानं धुऊन साफ करावं लागतं. ते धुतलेलं पाणी, साबणासारखं बुळबुळीत आणि तेलकट, केशवराव मागच्या दारानं नाल्यात सोडायचा. नाल्याला फेस यायचा, गुरं पाणी पीत नव्हती. सरपंच गयाबाई ही आवाजानं आणि हाडापेरानं दणकट बाई. तिनं गिरणीच्या दारात उभं राहून सांगितलं होतं, "केशवराव, आता ह्ये बंद नाही झालं तं तुमचं पानी तुमाले पाजीन."

केशवराव महिपतला म्हणाला, "तुले तेलाच्या पान्याचं कळते म्हनतेत."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी महिपतला त्याच्या खऱ्या कामाबद्दल विचारत होतं. त्याची छाती फुगली. त्यानं खिशातून हात काढले आणि गिरणीच्या मागच्या अंगणात असा फिरला, जसा तो जाडजूड साहेब फिरायचा.

"तीन टाक्या लागतीन," तो म्हणाला. "अन् अक्रोड."

अक्रोड मिळाले नाहीत. महिपतनं नारळाच्या करवंट्या फोडून त्यांची भरड केली. देवळातल्या पुजाऱ्यानं पोतंभर दिल्या, वर विचारलं की ह्ये देवाचं काम हाय का. महिपत म्हणाला, एका परीनं. पहिल्या टाकीत तेल वर यायचं, ते पत्र्याच्या पळीनं काढायचं. दुसऱ्या टाकीत तुरटी आणि चुना, खालून हवा सोडायला सायकलच्या दुकानातला जुना पंप. तिसऱ्यात वाळू आणि करवंट्या. पंधरवडाभर खटपट केल्यावर शेवटच्या नळीतून जे पाणी आलं ते सकाळच्या ताकासारखं गढूळ होतं, पण फेस नव्हता आणि वरचा तवंग गेला होता. खरं सांगायचं तर काम वाईट नव्हतं. तिथंच थांबला असता तर महिपतची गोष्ट इथं संपली असती.

"आता ह्ये सोडाचं कुठं?" केशवरावनं विचारलं.

"सोडाचं नाही. पाजाचं." महिपतनं गिरणीच्या कोपऱ्यातल्या कोरड्या बोअरकडं बोट दाखवलं. दोनशे फूट खाली जाऊन पाणी न लागलेली ती बोअर झाकण घालून पडली होती. "आमच्या तिकडं असंच करतेत. जमिनीचं जमिनीले."

तिकडं ते कुठवर खाली जातं आणि मधे किती खडक असतो, हे महिपतला माहीत होतं. किडे मारायचं औषध इकडं मिळत नव्हतं, हेही माहीत होतं. पण समोर केशवराव होता, गयाबाई होती, पन्नासेक माणसं होती, आणि भिंतीपलीकडं बोलणारी सासू त्या दिवशी भिंतीच्या अलीकडं येऊन उभी होती. अशा वेळी माणसाला आपल्याला माहीत असलेलं सगळंच आठवत नाही.

गयाबाईनं नारळ फोडला. पंप सुरू झाला. बोअरनं पाणी घटाघटा घेतलं. लोक वाकून वाकून भोकात पाहत होते. एक म्हातारा म्हणाला, "बाप्पा, किती तहानली होती!" त्या दिवसापासून महिपतला जमिनीला पाणी पाजणारा म्हणायला लागले. नाल्याचा फेस गेला, गुरं पुन्हा पाण्यावर आली. तलमडगूच्या बाजूनं दोन माणसं मोटारसायकलवर टाक्या पाहायला आली. महिपतनं त्यांना अक्रोड आणि करवंटी यांतला फरक सांगितला, दोन्ही हातांनी. बयनाबाईनंही एकदा चहा पाठवला. महिपत तेव्हा सुखी होता.

मग दोन हजार सोळाचा दसरा आला. सरकारनं जिल्हे फोडायचं ठरवलं होतं. आदिलाबादचे चार तुकडे झाले. नवी मंडलं, म्हणजे आपले तालुके, झाली, कुठलं गाव कुठल्या तुकड्यात याच्या गप्पा महिनाभर चालल्या होत्या. नार्नूरकडच्या लग्नात एका पाहुण्यानं तर पिंपळझरी दुसऱ्याच जिल्ह्यात गेल्याचं शपथेवर सांगितलं. तसं काही झालं नाही, गाव होतं तिथंच राहिलं. पण दसऱ्याच्या सकाळी सोन्याची पानं वाटायच्या आधी बाया हापशीवर गेल्या आणि पहिल्या दणक्यासरशी नाकाला पदर लावून मागं सरल्या.

हापशीला वास येत होता.

पाणी दिसायला ठीक होतं, किंचित काळसर म्हणावं तर म्हणता येईल एवढंच. पण वास असा की तांब्या तोंडाजवळ नेता येईना. खाली उंदीर मेला असेल, एक म्हणाली. एवढा मोठा वास म्हणजे डुक्करच, दुसरी म्हणाली. दुपारपर्यंत पुरुषही जमले आणि विचार अधिक खोल गेला.

"जिल्हा तोडला न आज," एक जण म्हणाला. "त्याचंच काई तरी हाय."

"जिल्हा कागदावर तोडते बे, जमिनीवर नाही."

"मोजनी करतेत, खांब गाडतेत. हलत असन जमीन."

महिपत गर्दीच्या मागं उभा होता. पहिला भपकारा आला तेव्हाच त्यानं तो ओळखला होता. मेहसाण्याला किड्यांचं औषध कमी पडलं की टाकीतून हाच वास सुटायचा. खाली गेलेल्या तेलकट पाण्यावर किडे माजले होते, आणि दोनशे फुटांचं ते पाणी खडकाच्या भेगांतून हळूहळू हापशीपर्यंत आलं होतं. त्याला हे सगळं एका श्वासात कळलं. दुसऱ्या श्वासात त्यानं तोंड उघडलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "जमिनीत हालचाल होत असन. आमच्या तिकडं बी असं व्हाचं."

लोकांनी वळून आदरानं पाहिलं. तेलाच्या विहिरीवरचा माणूस म्हणतोय म्हणजे असेल. मग महिपतला थांबता येईना. सीमा बदलली की खालच्या पाण्याच्या शिरा कशा सैरभैर होतात, निजाम गेला तेव्हाही नदीपलीकडं असंच झालं होतं असं आपण कुठंतरी ऐकलं आहे, आठ-पंधरा दिवसांत आपोआप बसतं, असं बरंच काही त्यानं सांगितलं. बयनाबाई म्हणाली, निजाम गेला तेव्हा मी इथंच होती, पानी गोड होतं. पण तिचं कुणी ऐकलं नाही, कारण महिपतचं बोलणं जास्त रंगत होतं.

पाण्याच्या खात्याचा एक माणूस आला, वास घेऊन शिंकला आणि म्हणाला की तुमच्या गावचे कागद कुठल्या तुकड्यात गेले ते आधी बघावं लागेल. तो गेल्यावर तर गावाची खात्रीच पटली. दोष जिल्ह्याचाच.

महिपत दोन-तीन दिवस बरा झोपला नाही, पण बरा जेवला. गिरणीचा पंप त्यानं गुपचूप बंद केला आणि केशवरावला सांगितलं, बोअर जरा आराम करून राह्यली. वास आपोआप जाईल आणि सरकार बिचारं सगळं अंगावर घेईल, असा त्याचा हिशोब होता. त्या हिशोबात देवका नव्हती. ती माहेरच्या आजारी काकूकडं बेल्याला गेली होती.

ती परत आली त्या सकाळी सरळ घागर घेऊन हापशीवर गेली. तिथं गयाबाई, बयनाबाई, आणखी दहा-बारा बाया आणि जिल्ह्यावर बोलणारे चार पुरुष होते. महिपतही होता, शिरांविषयी सांगत. देवकानं दांडा मारला. पाणी आलं. तिनं वाकून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखा आनंद पसरला.

"अवो!" ती मोठ्यानं म्हणाली. "ह्यो तं तुमच्या बनियनचा वास हाय!"

तिनं सोडलेला दांडा आपल्या वजनानं खाली गेला.

"अगं, काई बी काय..." महिपत म्हणाला.

"काई बी कसं? दहा वरसं धुतले मी. झोपेत बी वळखीन." देवकाला अजून कळलं नव्हतं आपण काय बोलतोय. ती खरोखर खूश होती, हरवलेलं काही सापडावं तशी. "तुमच्या तिकडचं पानी इकडं कसं आलं?"

हा प्रश्न तिनं विचारला, पण तो हळूहळू सगळ्यांच्याच चेहऱ्यावर उमटला. गयाबाईनं गिरणीकडं पाहिलं. मग हापशीकडं पाहिलं. मग महिपतकडं.

"महिपत," ती म्हणाली, "शिरा सांगून राह्यला होता न तू? सांग आता."

बयनाबाई आधी हसली. तोंडात दात नसलेलं ते हसणं फुस्सकन सुटलं आणि थांबेचना. बाया हसल्या, मग चिडल्या, मग दोन्ही एकदम करायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, नारळ आम्हीच फोडला. कुणीतरी म्हणालं, करवंट्या देवाच्या होत्या. महिपतनं पळून जायचा विचार केला, पण सगळे रस्ते सासुरवाडीवरून जात होते.

शेवटी तो हापशीच्या ओट्यावर बसला आणि खरं बोलला. तिकडं पाणी फार खाली जातं, वर पक्क्या खडकाचं झाकण असतं, तिथं खाली कुणाची विहीर नसते. इथं तसं काही नाही. हे मला माहीत होतं.

"म्हंजे तिकडं खाली कोनी राह्यत नाही," देवका म्हणाली, आता तिचा चेहरा उतरला होता. "अन् इथं आमी राह्यतो. तरी टाकलं?"

"लोकं पाह्यत होते," महिपत म्हणाला.

यावर गयाबाई जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं कामाचं एवढंच, की हापशी चांगली होईपर्यंत गावाला पाणी महिपत पुरवील. नदीकाठच्या जुन्या विहिरीवरून, बैलगाडीत पिपं भरून, दारोदार. आणि केशवरावनं बोअरमधलं सगळं पाणी पंपानं परत उपसून गिरणीच्या अंगणातल्या पक्क्या हौदात साठवायचं. केशवराव म्हणाला, माझी काय चूक. गयाबाई म्हणाली, तुमची बोअर.

आता महिपतचं खरं काम सुरू झालं. पहाटे गाडी जुंपायची, नदीवर जायचं, पिपं भरायची, चढावर बैलांच्या मागं आपणही खांदा लावायचा. दारात गाडी थांबली की बाया घागरीत बोट बुडवून वास घ्यायच्या. काही जणी मुद्दाम दोनदा घ्यायच्या. पोरं मागून ओरडायची, "पाज, पाज!" पहिले आठ दिवस त्याला कुणाच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मग पाठ इतकी दुखायला लागली की लाज मागं पडली.

आणि त्या चढावर, गाडीला खांदा लावून घाम गाळताना, मेहसाण्याचं काम त्याच्या डोक्यात नव्यानं फिरायला लागलं. इतकी वर्षं तो समजत होता की तिकडं घाण पाणी पुरतात. पण पुरायचं असतं तर एवढं धुतलं कशाला असतं? ते पाणी तिकडं कामाला लावत होते. तेल ढकलायला. तेलाचं पाणी तेलाच्याच कामी येत होतं. इथं त्यानं नुसती नक्कल केली आणि काम विसरला.

दुपारी तो गिरणीत गेला. केशवराव हौदाकडं बघत, रुसल्यासारखा बसला होता.

"तेल धुवाले पानी कुठून घेता?" महिपतनं विचारलं.

"दुसऱ्या बोअरचं. तेबी आटून राह्यलं."

"मंग हेच घ्या न परत. टाक्यांतून काढून. आंदी थोडं, जमलं तं जास्ती."

"तू अजून इथं येऊन सांगतेच बे?" केशवराव म्हणाला. पण दुसरी बोअर खरंच आटत होती. पहिल्या दोन खेपांना तेल गढूळ निघालं आणि केशवरावनं महिपतला अंगणातून हाकललं. महिपत दुसऱ्या दिवशी परत आला. चुना वाढवला, निवळायला वेळ जास्त दिला, करवंट्या बदलल्या. हळूहळू जमलं. थोडं ताजं पाणी मिसळावं लागायचं, पण नाल्यात काही जात नव्हतं आणि जमिनीतही नाही. हौदातलं उपसलेलं पाणीही त्याच वाटेनं संपत गेलं. कुणी नारळ फोडला नाही. महिपतनंही कुणाला बोलावलं नाही.

हापशीत ब्लीचिंग पावडर टाकून टाकून ती उपसली. थंडी सरत आली तसा वास विरळ होत गेला. महिपत रोज खेप झाली की विचारायचा, "आता कसं हाय?"

"येते अजून थोडा," बाया म्हणायच्या.

आठ दिवसांनी विचारलं. "येते."

आणखी आठ दिवसांनी. "सकाळी नाही येत, पर संध्याकाळी येते."

महिपतनं स्वतः वास घेतला. काही नव्हतं. पण त्याच्या नाकावर आता कुणाचा भरवसा नव्हता, त्याचाही नाही. त्यानं देवकाला नेलं. देवकानं पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला, थोडं प्यायली आणि इकडंतिकडं बघून म्हणाली, "कव्हाचाच गेला. पंधरा दिस झाले असतीन."

"मंग ह्या बाया..."

"दारात पानी येऊन राह्यलं, कोन नाही म्हननार?" देवका म्हणाली. "मी बी नसती बोलली, पर तुमची पाठ पाह्यवत नाही."

दुसऱ्या दिवशी महिपत गाडी न जुंपता आडोशाला उभा राहिला. बाया एकेक करून हापशीवर आल्या, आरामात पाणी भरलं, चुळा भरल्या, प्यायल्या. गयाबाई स्वतः दोन घागरी घेऊन गेली. महिपत पुढं आला तेव्हा ती जराही ओशाळली नाही.

"बरं झालं तूच आला," ती म्हणाली. "तुह्या गाडीचं चाक करकर करून राह्यलं, सकाळी झोप होत नाही. बंद कर आता."

गाडी बंद झाली. महिपत गिरणीत टाक्यांवर लागला, आजही तिथंच आहे. कुणी बाहेरचा टाक्या पाहायला आला की तो हातवारे कमी करतो आणि आधी विचारतो, तुमच्या गावची हापशी कुठं आहे. बढाई अगदीच गेली आहे असं नाही. अक्रोडाचं तो अजून सांगतो.

एक खेप मात्र त्याला बंद करता आली नाही. बयनाबाईनं भिंतीपलीकडून सांगून टाकलं होतं की हापशीपर्यंत जायला तिचे गुडघे राहिले नाहीत, आणि नदीचंच पाणी तिच्या पोटाला मानवतं. महिपत रोज संध्याकाळी सायकलला दोन डबे अडकवून नदीवर जातो. एकदा कंटाळून त्यानं ते हापशीवरच भरून नेले. म्हातारीनं एक घोट घेतला, डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "जवाईबापू, नदी गावात आली का आता?"

महिपतनं डबे उचलले, सायकल फिरवली आणि नदीच्या वाटेला लागला.